बॅटरीपासून साडेचार मीटरवरचा फ्यूज

"काका, बेस जोरात आला की आवाज बंद पडतो, दोन-तीन सेकंदांनी आपोआप परत येतो. आणि डिकीत काहीतरी तापल्याचा वास येतो."

गाडी घेऊन आलेल्या मुलाने हे एका दमात सांगितलं. त्याच्या लेखी मुख्य तक्रार पहिली होती, माझ्या लेखी दुसरी. आवाजाचं नंतर बघता येतं, तापल्याच्या वासाचं आधी बघावं लागतं. मी बरीच वर्षं गाड्यांच्या वायरिंगची कामं करतो. या एका कामाची नोंद सविस्तर लिहितोय, कारण अँप्लिफायरला पॉवर देताना होणाऱ्या जवळपास सगळ्या चुका इथे एकाच वायरवर सापडल्या. त्यातली एक तर अशी होती, की गाडी त्या अवस्थेत आठ महिने सुखरूप चालली याचं मला अजूनही आश्चर्य वाटतं.

गाडी छोटी हॅचबॅक. बॅटरी पुढे बोनेटखाली, अँप्लिफायर मागे डिकीत. वूफरसाठी, म्हणजे बेसच्या मोठ्या स्पीकरसाठी, एक मोनो (एकाच चॅनेलचा), क्लास डी प्रकारचा, २ ओहमच्या स्पीकरला ५०० वॅट आरएमएस, म्हणजे सतत देता येणारे. दारांतल्या स्पीकरसाठी चार चॅनेलचा, क्लास एबी प्रकारचा, दर चॅनेलला ६० वॅट. दोन्हींना मिळून एकच पॉवर वायर, तयार किटमधली, वर ठळक अक्षरांत '४ गेज' छापलेली.

मोनोच्या खोक्यावर २००० वॅट लिहिलं होतं. हा आकडा वायर निवडायला कामाचा नाही. अँप्लिफायरच्या अंगावरचे फ्यूज बघितले, तर ३० अँपिअरचे दोन, म्हणजे ६०. गाडी चालू असताना १३.८ व्होल्ट धरले तर ६० अँपिअरला आत जाणारी पॉवरच ८२८ वॅट होते. क्लास डीची कार्यक्षमता ८० टक्के धरली तरी बाहेर ६६० वॅटच्या पुढे काही निघणार नाही. २००० वॅट खरंच काढायचे तर १८० अँपिअर लागले असते. खोक्यावरच्या आकड्यापेक्षा फ्यूजवर विश्वास ठेवावा, कारण फ्यूज बसवताना कंपनीलाही खरा हिशोब करावा लागतो.

आधी डिकी उघडली. गालिच्याखाली, अँप्लिफायरपासून हातभर अंतरावर, काचेच्या नळीचा फ्यूज असलेला पारदर्शक होल्डर होता. पारदर्शक म्हणायचं इतकंच, एका बाजूने तो तपकिरी होऊन आत दबला होता. आत ८० अँपिअरचा फ्यूज. गाणं चालू असतानाच मी त्याच्याजवळ बोट नेलं आणि लगेच मागे घेतलं.

"आधी ६० चा होता," मुलगा म्हणाला. "दोनदा उडाला. म्हणून ८० चा टाकला."

"६० चा का उडाला असेल, विचार केलास?"

"लोड जास्त असेल."

प्रश्न नुसत्या लोडचा नव्हता. या प्रकारच्या होल्डरमध्ये फ्यूजची टोकं पत्र्याच्या दोन चिमट्यांत धरलेली असतात. टेकण्याची जागा थोडी, चिमटा तापून सैल झाला की अजून थोडी. सांधा तापतो, ती उष्णता फ्यूजच्या आतल्या पट्टीत जाते आणि फ्यूज आपल्या आकड्याच्या आतच वितळतो. फ्यूज खरं तर होल्डरबद्दल तक्रार करत होता. मुलाने मोठा फ्यूज टाकून ती तक्रार बंद केली, आणि मग होल्डर वितळायला लागला.

पण खरी धडकी भरवणारी गोष्ट होल्डरची अवस्था नव्हती. त्याची जागा होती.

पॉवर वायर बॅटरीच्या प्लसवरून निघून इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यातून आत येत होती, पायदानाच्या कडेने मागे जात होती आणि साडेचार मीटर प्रवास करून डिकीत फ्यूजला भेटत होती. बॅटरीजवळ काहीही नव्हतं. मी त्याला विचारलं, "हा फ्यूज कशासाठी आहे?" तो म्हणाला, "अँप्लिफायर जळू नये म्हणून." बसवणाऱ्यानेही हाच विचार केला असणार, म्हणून फ्यूज अँप्लिफायरशेजारी. अँप्लिफायरला त्याचे स्वतःचे फ्यूज असतातच. वायरवरचा फ्यूज वायरसाठी असतो. वायर वाटेत कुठेही बॉडीला, म्हणजे बॅटरीच्या मायनसला जोडलेल्या पत्र्याला, टेकली तर करंट बॅटरीकडून टेकलेल्या जागेपर्यंत जातो आणि तिथूनच परत फिरतो. डिकीतल्या फ्यूजपर्यंत तो पोहोचतच नाही. त्या फ्यूजला काही घडल्याचं कळणारही नाही.

बोनेट उघडून वायर पत्र्यात शिरते तिथे टॉर्च मारला. भोक ड्रिलने पाडलेलं, कडा तशीच धारदार, वायरला कडेपासून वाचवणारं रबरी ग्रोमेट नाही. वायर हलक्या हाताने बाजूला केली. निळ्या इन्शुलेशनवर नखाएवढी खाच पडली होती आणि खाचेच्या तळाशी, नीट बघितलं तर, तांबूस चमक दिसत होती. इंजिन हललं की वायर हलते, वायर हलली की पत्रा तिला कापतो. आठ महिन्यांत त्याने इन्शुलेशन जवळजवळ पार केलं होतं.

मी मुलाला बोलावून टॉर्च त्याच्या हातात दिला. तो बराच वेळ वाकून बघत राहिला. मग त्याने विचारलं, "टेकली असती तर?"

चांगल्या अवस्थेतली १२ व्होल्टची बॅटरी शॉर्टमध्ये काही क्षण हजारेक अँपिअर देऊ शकते. ती वायर पुढे मी कापून मोजली, त्या मापावरून हिशोब मांडतो. मीटरभर वायरचा रोध २.७ मिलिओहम. हजार अँपिअरला मीटरमागे २७०० वॅट उष्णता, म्हणजे एका मोठ्या गिझरइतकी, बोटाएवढ्या वायरमध्ये. धातूचं वजन मीटरला जेमतेम ३३ ग्रॅम. तापमान सेकंदाला शंभरेक अंशांनी चढेल. दोन सेकंदांत पीव्हीसी वितळून ठिबकायला लागेल, आणि ती वायर बॅटरीजवळ इंजिनाच्या मुख्य वायरिंगला खेटून जात होती. गाडी बंद, चावी घरात, तरीही हे घडू शकतं, कारण वायर थेट बॅटरीवर आहे.

त्याच क्षणी बॅटरीचा मायनस काढला, मग अँप्लिफायरची वायर प्लसवरून सोडवून टोक टेपने गुंडाळलं. मोजमापासाठी मला ती वायर काही मिनिटं पुन्हा चालवावी लागणार होती. त्याआधी खाचेवर इन्शुलेशन चढवलं आणि बॅटरीजवळ तात्पुरता फ्यूज लावला.

आता मोजमाप. वायरिंग चांगलं की वाईट हे ओहमच्या रेंजवर कळत नाही. मल्टिमीटरच्या स्वतःच्या दोन वायरींचा रोधच ०.२ ओहमच्या आसपास असतो आणि आपण शोधतोय तो दोष त्याच्या दहाव्या हिश्शाहूनही लहान. म्हणून करंट चालू ठेवून व्होल्टेज ड्रॉप मोजायचा. एक टोक बॅटरीच्या प्लसवर, दुसरं अँप्लिफायरच्या प्लसवर, आणि मीटर डीसी व्होल्टवर. जो आकडा येईल तेवढे व्होल्ट वाटेत सांडताहेत.

स्पीकर काढून त्यांच्या जागी मोठ्या वॅटचे रेझिस्टर लावले, ५० हर्ट्झचा सूर सोडला, इंजिन चालू. क्लॅम्प मीटरवर ६० अँपिअर दिसेपर्यंत आवाज चढवला आणि दहा-दहा सेकंदांत आकडे घेतले. बॅटरीवर १३.४ व्होल्ट. प्लसच्या वायरमध्ये ०.८२ व्होल्ट गायब. फ्यूज होल्डरमध्ये ०.३५. अँप्लिफायरच्या मायनसपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत ०.९०. बेरीज २.०७. म्हणजे अँप्लिफायरच्या तोंडाशी ११.३ व्होल्ट. बेसच्या प्रत्येक ठोक्याला करंट याहून वर जातो, व्होल्टेज अजून खाली येतं, अँप्लिफायर स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतो आणि व्होल्टेज सावरलं की परत चालू होतो. मुलाच्या पहिल्या तक्रारीचं उत्तर एवढंच होतं. अँप्लिफायर निर्दोष होता.

दुसऱ्या तक्रारीचं उत्तरही याच आकड्यांत आहे. ०.३५ व्होल्ट गुणिले ६० अँपिअर म्हणजे २१ वॅट. अंगठ्याएवढ्या प्लास्टिकच्या होल्डरमध्ये २१ वॅट. हातात धरता येणार नाही इतकी तापणारी छोटी सोल्डरिंग इस्त्री साधारण तेवढ्याच वॅटची असते.

मायनसकडचे ०.९० बघून मी सीटच्या मागे गेलो. अर्थिंग, म्हणजे अँप्लिफायरच्या मायनसची गाडीच्या पत्र्याला जोडणी, सीटबेल्टच्या बोल्टखाली घेतलं होतं. याबद्दल मला राहवत नाही. सीटबेल्टचा बोल्ट माणसाचा जीव धरून ठेवण्यासाठी ठराविक ताकदीने आवळलेला असतो. त्याखाली लग, म्हणजे वायरच्या टोकाची धातूची कडी, सरकवली की तो पूर्वीसारखा बसत नाही. शिवाय त्या बोल्टच्या आट्यांवर बहुधा चिकट लेप असतो आणि खालच्या पत्र्यावर रंग, त्यामुळे विजेच्या दृष्टीनेही ती जागा निकामी. इथे तर लगेखालचा रंग जसाच्या तसा होता. करंट आट्यांमधून वाट काढत जात होता.

मग वायर कापली. ४ गेज म्हणजे २१ चौरस मिलिमीटर तांबं. गेजचा आकडा जितका लहान तितकी वायर जाड, आणि तीन आकडे खाली उतरलं की धातू दुप्पट होतो. या वायरची बाहेरची जाडी बघून कुणीही ४ गेज म्हणेल. कापलेल्या तोंडावर मात्र निळ्या प्लास्टिकची भिंतच भिंत आणि मधोमध धातूचा बारीक ठिपका. आत सात जुडगे होते. एक जुडगा सोडवून टेबलावर पांढऱ्या कागदावर पसरला आणि तारा मोजल्या, १२६ भरल्या. एका तारेची जाडी मायक्रोमीटरवर ०.१२ मिलिमीटर. १२६ गुणिले ७ म्हणजे ८८२ तारा, सगळ्यांचं मिळून क्षेत्रफळ १० चौरस मिलिमीटर. छापलेल्या आकड्याच्या निम्म्याहून कमी.

आणि तेही तांबं नव्हतं. एक तार ब्लेडने खरवडली, तर वरचा तांबूस पापुद्रा निघून आत चंदेरी रंग दिसला. तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनिअम. उलटही दिसू शकतं, म्हणजे वरून चंदेरी आणि आत लाल. ते कथिलाचा मुलामा दिलेलं तांबं असतं आणि ते उत्तम. फक्त वरचा रंग बघून निकाल देऊ नये, खरवडूनच बघावं. खात्रीसाठी एक तार चिमट्यात धरून लायटरची ज्योत लावली. अ‍ॅल्युमिनिअम ६६० अंशांना वितळतं, तांबं १०८५ अंशांना. तार लाल होण्याआधीच वाकली आणि टोकाशी बारीक मणी झाला. मुलगा शेजारी उभा राहून बघत होता, त्याने स्वतः अजून एक तार जाळून बघितली.

मुलाम्याच्या अ‍ॅल्युमिनिअमचा रोध तांब्याच्या साधारण १.६ पट. म्हणजे ही १० स्क्वेअरची (चौरस मिलिमीटरची) वायर तांब्याच्या ६ स्क्वेअरचं काम करत होती. ४ गेज छापलेली वायर प्रत्यक्षात ८ आणि १० गेजच्या मधली. पाच मीटरचा रोध १३.७ मिलिओहम, ६० अँपिअरला ०.८२ व्होल्ट. मीटरवर तेच आलं होतं. टेबलावरचा हिशोब आणि गाडीतलं माप असं तंतोतंत जुळलं की मला फार बरं वाटतं, कारण मग पुढची निवड अंदाजावर करावी लागत नाही.

नवी वायर निवडताना आधी करंट. मोनोचे ५०० वॅट, ८० टक्के कार्यक्षमता, १३.८ व्होल्ट, म्हणजे ४५ अँपिअर. चार चॅनेलचे २४० वॅट, क्लास एबीची कार्यक्षमता ६० टक्के, म्हणजे २९. बेरीज ७४. दोन्हींच्या अंगावरच्या फ्यूजची बेरीज ९० होती, म्हणजे दोन्ही वाटांनी गेलं तरी उत्तर एकाच गावात येतं. गाण्यात सरासरी करंट याच्या एक तृतीयांश किंवा त्याहून कमी असतो हे खरं, पण वायर सरासरीवर निवडू नये. आवाज फाटेपर्यंत चढवलेला बेस मिनिटच्या मिनिटं कमाल करंटजवळ राहू शकतो.

मग लांबी. नव्या वाटेने पाच मीटर. मी स्वतःपुरता नियम ठेवलाय, की पूर्ण भाराला प्लस आणि मायनस मिळून अर्ध्या व्होल्टच्या वर ड्रॉप नको. तांब्याच्या २५ स्क्वेअरला पाच मीटरचे ३.४ मिलिओहम, ७४ अँपिअरला पाव व्होल्ट. उरलेला पाव व्होल्ट सांधे, फ्यूज आणि अर्थिंग यांना पुरतो. खरी ४ गेज, म्हणजे २१ स्क्वेअर, ०.३० व्होल्टवर बसते. तीही चालली असती. ३५ स्क्वेअरला ०.१८.

मुलाला एकदम १/० गेजची वायर हवी होती, ५३ स्क्वेअरची. "जाड असलेली काय वाईट?"

वाईट काहीच नाही, फ्यूज नीट असेल तर जाड वायर कधीच धोक्याची नसते. पण अँप्लिफायरच्या टर्मिनलमध्ये २५ च्या वर वायर शिरत नव्हती. अशा वेळी लोक तोंडाशी अर्ध्या तारा कापून वायर बसवतात. कापलेल्या तारांपैकी एखादी बाहेर राहते आणि शेजारच्या टर्मिनलला टेकते. आणि ज्या सांध्यात अर्ध्याच तारा आहेत तिथे जाड वायरचा उपयोग संपला. पुढे तिसरा अँप्लिफायर लावायचा विचार असता तर मी ३५ सुचवली असती. त्याचा तसा विचार नव्हता.

मुलाम्याची ३५ स्क्वेअर घ्यावी का, हाही प्रश्न त्याने विचारला आणि तो रास्त होता. रोधाच्या हिशोबात ती पाच मीटरला ३.९ मिलिओहम भरते, खऱ्या ४ गेजपेक्षा किंचित कमीच. फक्त आकडेमोड केली तर ती पास होते. मी नाही म्हटलं ते सांध्यांमुळे. अ‍ॅल्युमिनिअमवर हवेत क्षणात ऑक्साइडचा थर येतो आणि तो वीज नेत नाही. मुलामा स्क्रूखाली चिरडला की आतलं अ‍ॅल्युमिनिअम उघडं पडतं. दाबाखाली ते हळूहळू पसरतं, तापल्यावर तांब्यापेक्षा जास्त फुगतं आणि निवल्यावर सैल राहतं. गाडीत सांधा दिवसातून कितीतरी वेळा तापतो-निवतो आणि सतत थरथरतो. पहिल्या दिवशी पास झालेली वायर वर्षभराने होल्डर वितळवू शकते. आणि वर्षभराने तिथे मीटर लावून कुणी बघत नाही.

ठरलं २५ स्क्वेअर, बारीक तारांचं तांबं, १०५ अंशांचं इन्शुलेशन. इंजिनाजवळची हवा आधीच तापलेली असते. वायरला वर चढायला जागा हवी, म्हणून इन्शुलेशनचं तापमान विचारूनच घ्यावं. नवी वायर आल्यावर तिचंही तोंड कापून बघितलं, एक तार खरवडली, आणि दहा सेंटिमीटर सोलून छोट्या काट्यावर वजन केलं. २५ स्क्वेअर तांब्याचं दहा सेंटिमीटरला २२.४ ग्रॅम व्हायला हवं, मुलाम्याचं असतं तर आठच्या आसपास. काट्यावर २२ आले. ज्याच्याकडे मायक्रोमीटर नाही त्याने हे वजन तरी करून बघावं.

वायर ठरल्यावर मगच फ्यूज. क्रम महत्त्वाचा आहे. फ्यूज वायरच्या क्षमतेच्या आत असला पाहिजे आणि भाराच्या वर. २५ स्क्वेअर तांबं केबिनच्या उष्णतेतही १०० अँपिअर नीट वाहतं, भार ७४ चा, म्हणून १००. वायर १२० पेलत असेल तर १२० का नाही, असं विचारणारे भेटतात. १०० चा फ्यूज ११० अँपिअरला लगेच उडत नाही, थोड्या जादा भाराला तो बराच वेळ तग धरतो. तेवढा वेळ वायरने सोसायचा असतो, त्यामुळे वायर आणि फ्यूज यांच्यात अंतर हवंच. प्रकार मात्र बोल्टने आवळायचा घेतला, एएनएल. चिमट्याचा नाही. शिवाय एएनएल हजारो अँपिअरच्या शॉर्टलाही नीट तोडतो, आत ठिणगी धरून ठेवत नाही.

जागा बॅटरीपासून ३० सेंटिमीटरवर. सर्वसाधारण शिरस्ता ४५ सेंटिमीटरच्या आतचा आहे, पण जितका जवळ तितका बरा. बॅटरी ते फ्यूज एवढा तुकडा कायम विनासंरक्षण राहणार, म्हणून त्याच्यावर दुहेरी फ्लेक्सिबल पाइप चढवला आणि तो कशालाही टेकणार नाही असा बांधला.

पत्र्यातून जायला नवं भोक पाडलं नाही. कंपनीच्या मुख्य वायरिंगचं मोठं रबरी ग्रोमेट होतं, त्याच्या मोकळ्या जागेतून वायर ओढली. जुन्या भोकाची कडा कानशीने घासून रबरी बूच बसवलं. आतमध्ये स्टीअरिंगचा दांडा आणि पेडल यांच्यापासून वायर लांब ठेवली, एअरबॅगच्या पिवळ्या कनेक्टरच्या आसपास फिरकलो नाही, आणि उंबऱ्याच्या पट्टीखालून मागे नेली. सीटच्या रुळाखालून नेली नाही, कारण सीट मागेपुढे होताना रूळ वायर चिरडतो. अँप्लिफायरला आवाजाचा सिग्नल आणणाऱ्या आरसीए वायरी दुसऱ्या बाजूने आणल्या.

डिकीत एक फ्यूजवाला डिस्ट्रिब्यूशन ब्लॉक लावला, म्हणजे एका वायरच्या दोन वाटा करणारा ठोकळा. तिथून मोनोला १६ स्क्वेअर आणि ६० चा फ्यूज, चार चॅनेलला १० स्क्वेअर आणि ४० चा. वायर जिथे बारीक होते तिथे नवा फ्यूज लागतो, कारण बॅटरीजवळचा १०० चा फ्यूज २५ स्क्वेअरला राखतो, १० ला नाही. दोन अँप्लिफायरच्या किटमध्ये बहुतेकदा नुसता पितळी ब्लॉक येतो, बिनफ्यूजचा. तो मी कधी वापरत नाही.

लगा क्रिम्प केल्या, म्हणजे साच्यात दाबून वायरवर बसवल्या, सोल्डर नाही. सोल्डर तारांमध्ये वर चढतं, तेवढा भाग काठीसारखा कडक होतो आणि थरथरीने नेमका तिथे तुटतो. शिवाय सांधा तापला तर नेहमीचं शिशाचं सोल्डर १९० अंशांच्या आसपास वाहूनच जातं. क्रिम्प केल्यावर प्रत्येक लग पायाखाली वायर धरून जोर लावून ओढून बघितली. एक निघाली. ती दाबताना साचा एक नंबर मोठा लागला होता. पुन्हा केली.

अर्थिंगला सगळ्यात जास्त वेळ दिला. अँप्लिफायरपासून ४० सेंटिमीटरवर मागच्या चाकाच्या कमानीजवळ जाड पत्र्याची जागा शोधली. ड्रिल करण्याआधी गाडीखाली झोपून त्या जागेच्या पलीकडे काय आहे ते बघितलं, कारण मागच्या बाजूला ब्रेकचे पाइप आणि पेट्रोलची टाकी असते. रंग रुपयाएवढ्या गोलात चकाकी येईपर्यंत खरवडला, दातेरी वॉशर, लग, बोल्ट, मागून नट. आवळून झाल्यावर वरून गंजरोधक रंग. मायनसची वायरही २५ चीच, कारण जेवढा करंट प्लसने येतो तेवढाच मायनसने परत जातो. काही गाड्यांत बॅटरीच्या मायनसवर करंट मोजणारा सेन्सर असतो. तिथे अर्थिंग थेट बॅटरीच्या टोकावर घेतलं तर सेन्सरचा हिशोब चुकतो, बॉडीवर घेतलेलं बरं.

शेवटी फ्यूज. सगळं आवळून, तपासून झाल्यावर मायनस जोडला आणि मग १०० चा फ्यूज बसवला.

तेच रेझिस्टर, तोच सूर, ६० अँपिअर. प्लसच्या वायरमध्ये ०.२१ व्होल्ट. फ्यूज, ब्लॉक आणि सांधे मिळून ०.०६. मायनसकडे ०.०८. बेरीज ०.३५, आधीच्या २.०७ च्या जागी. वाटेत जळणारे १२४ वॅट २१ वर आले. फ्यूजवर तळहात ठेवून उभा राहता येत होतं.

मुलगा खूश होता, पण एक गोष्ट त्याला स्पष्ट सांगावी लागली. इंजिन आयडलला असताना हेडलाइट बेससोबत किंचित मंदावत होते, ते वायर बदलूनही पूर्ण गेलं नाही. आयडलला अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर चालणारं वीज तयार करणारं यंत्र, आपल्या आकड्याच्या बराच खाली असतो, त्यातून गाडीची स्वतःची गरज भागते आणि उरलेलं अँप्लिफायरला. वायर नवी वीज तयार करत नाही, असलेली वाया जाऊ देत नाही एवढंच. त्याला कुणीतरी थोडी वीज साठवणारा १ फॅरडचा कपॅसिटर लावायचा सल्ला दिला होता. १४ वरून १२ व्होल्टपर्यंत उतरताना असा कपॅसिटर २६ ज्यूल देतो. मोनोला पूर्ण भाराला ६२५ वॅट लागतात, म्हणजे २६ ज्यूल सेकंदाच्या पंचविसाव्या हिश्शात संपतात. उभ्या गाडीत तासभर मोठ्याने गाणी लावायची असतील तर आधी अल्टरनेटरकडे बघायचं, नाहीतर आवाज कमी ठेवायचा. "आवाज कमी ठेवतो, काका," तो म्हणाला. वडिलांची गाडी होती.

महिन्याने बोलावलं होतं, आला. नव्या सांध्यांत तारा बसतात आणि बोल्ट किंचित सैल पडतात, म्हणून ही फेरी मी सोडत नाही. बॅटरीवरचा नट पाव फेरा आवळला गेला, मोनोच्या टर्मिनलचा स्क्रू तेवढाच. बाकी सगळं जागेवर. ड्रॉप पुन्हा मोजला, ०.३५. ग्रोमेटमधून येणाऱ्या वायरवर बोट फिरवून बघितलं, कुठे खाच नव्हती. जाताना त्याने जुन्या वायरचा तो खाच पडलेला वीतभर तुकडा मागून घेतला. त्याच्या मित्राच्या गाडीत त्याच किटची वायर होती, त्याला दाखवायला.